इंग्रजी व्याकरण आणि विरामचिन्हांचा सराव कुठून करावा?

चिंचपेटी:
दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे कॉमर्स. अकाउंट्समध्ये आहे, आजवर टॅलीवर भागलं. आता परदेशी ग्राहकांचे मेल माझ्याकडे आलेत. बोलणं जमतं, लिहिताना अडतं. 'द' कुठे लावायचं, स्वल्पविराम कुठे, 'लूज'मध्ये एक ओ की दोन, यातच वेळ जातो. क्लास नको. रोज अर्धा तास काढू शकते. काय सुचवाल?

कोकणकडा:
केंब्रिजने काढलेलं रेमंड मर्फी यांचं व्याकरणाचं पुस्तक. निळं पुस्तक मधल्या पातळीचं आहे, तुम्ही लाल घ्या, नावात 'एसेन्शियल' असलेलं. डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर सराव. उत्तरांशिवायची आवृत्तीही मिळते, तेवढं बघून घ्या. पहिल्या पानापासून निघू नका, आधी आर्टिकल्सचे, म्हणजे 'अ', 'अ‍ॅन', 'द'चे धडे करा. विरामचिन्हं मात्र त्यात जवळजवळ नाहीतच.

बोरूबहाद्दर:
पुस्तक चांगलंच आहे, पण ते जगातल्या कुणासाठीही लिहिलेलं. आपल्या चुका मराठीतून येतात. 'तीन वर्षांपासून' आणि '2019पासून', आपल्याला दोन्हीकडे 'पासून' चालतं. इंग्रजीत कालावधी असेल तर फॉर आणि सुरुवात सांगायची तर सिन्स. म्हणून आपल्याकडे सर्रास 'सिन्स थ्री इयर्स' लिहितात. तसंच 'डिस्कस अबाउट'. डोक्यात 'त्याबद्दल चर्चा' असते ना! डिस्कसपुढे अबाउट लागत नाही. त्यापेक्षा स्वतःचे पाठवलेले मेल काढा आणि चुकांवर खुणा करा.

चिंचपेटी:
चुका दिसल्या असत्या तर धागा कशाला काढला असता :)

बोरूबहाद्दर:
हाहा, मान्य. मग मेलमधली नावं, आकडे काढून टाका आणि मजकूर व्याकरण तपासणाऱ्या एखाद्या टूलमध्ये घाला. पण 'स्वीकारा'चं बटण दाबू नका. काय बदललं ते वहीत लिहा: आर्टिकल, काळ, शब्दयोगी, स्पेलिंग. ज्या रकान्यात गर्दी होईल, मर्फीतले तेवढेच धडे करा.

टांगेवाला:
विरामचिन्हांसाठी पर्ड्यू विद्यापीठाची ऑनलाइन रायटिंग लॅब बघा, फुकट आहे. ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिशवरही व्याकरणाचे सराव आहेत.
मेलमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडणं. 'बिल पाठवलं आहे, कृपया बघा' मराठीत खपतं. इंग्रजीत तिथे पूर्णविराम द्या किंवा मध्ये 'अँड' घाला.
'इट्स'मध्ये अपॉस्ट्रॉफी (') कधी द्यायची ते सोपं आहे. त्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' वाचून बघा. वाक्य जुळलं तर अपॉस्ट्रॉफी, नाहीतर नको. आणि हरवण्याचा 'लूज' एका ओचा, सैल तो दोन ओंचा.

कोकणकडा:
जोड्या पाठ करताना ग्राहक कुठले ते बघा. ब्रिटिश इंग्रजीत 'प्रॅक्टिस' नाम असेल तर शेवटी सी-ई, क्रियापद असेल तर एस-ई. अमेरिकन दोन्हीला सी-ई लिहितात. 'अ‍ॅडव्हाइस'चा सी आणि 'अ‍ॅडव्हाइज'चा एस मात्र दोन्हीकडे तसाच.

चिंचपेटी:
लाल मर्फी मागवते. ग्राहक बहुतेक अमेरिकेतले आहेत. 'डिअर मिस्टर अमुक' लिहिल्यावर स्वल्पविराम चालेल ना?

टांगेवाला:
अगदी औपचारिक पत्रात अमेरिकन लोक तिथे कोलन देतात. रोजच्या मेलला स्वल्पविराम चालतो. ते स्वतः काय लिहितात ते बघा आणि तसंच लिहा.