कन्व्हर्टरमधील प्लॅटिनम: शुद्धीकरण तळोज्यात व्हावे का?

ऐरोलीकर (धागाकर्ते): तुर्भ्यातील एका भंगारवाल्याकडे परवा मोटारीचा जुना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग, कापताना पाहिला. आतील मधाच्या पोळ्यासारख्या सिरॅमिक ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचे लेपन असते. एका मोटारीत हे धातू जेमतेम काही ग्रॅम भरतात. परंतु दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत टनभर खनिजातूनही तितकेच मिळतात, आणि टनभर ठोकळ्यांतून मात्र किलोभर किंवा अधिकही निघू शकतात. हे धातू आपण बहुतांशी आयात करतो. मग तळोजा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांची जाण असलेली माणसे असताना लहान कारखान्यांना परवाने का देऊ नयेत?

कळंबोलीकर: पटत नाही. लहान कारखाना म्हणजे अम्लराजाची (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणाची) टाकी, तिच्यातून निघणारा तांबडा धूर आणि प्लॅटिनमचे क्लोरिनयुक्त क्षार, ज्यांच्यामुळे कामगारांना दमा जडतो हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शिवाय ऱ्होडियम अम्लराजात सहजी विरघळत नाही, म्हणजे महागडा धातू गाळातच जायचा. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यातील कारखान्याच्या रंगामुळे कासाडी नदीकाठी निळी पडलेली कुत्री आपण विसरलात काय?

वागळे इस्टेट: मी गॅरेज चालवतो, म्हणून व्यवहाराचे सांगतो. भंगारवाला नगावर भाव देतो. ठोकळा दळून, नमुना काढून तपासल्याशिवाय आत किती धातू आहे हे कोणालाच कळत नाही. स्वस्त पर्यायी कन्व्हर्टरमध्ये तर तो फारच कमी असतो. इथे बंदिस्त जागेत कापणे, दळणे आणि तपासणी एवढेच व्हावे. पुढचे काम १,५०० अंशांहून अधिक तापमानाच्या भट्टीचे आहे. तिथे वितळलेले तांबे किंवा लोखंड हे धातू गोळा करते, आणि अशी भट्टी गल्लीबोळात परवडत नाही.

ऐरोलीकर: आम्लाबाबतचा आक्षेप मान्य. पण तपासलेली भुकटी परदेशी भट्टीकडे गेली, तर शुद्ध धातू आपण पुन्हा विकतच घेणार.

कळंबोलीकर: मग मोठी भट्टी मागा, लहान परवाने नव्हे. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या, आयुष्य संपलेल्या वाहनांविषयीच्या नियमांनी वाहन-उत्पादकांवर पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली खरी, मात्र तिचे उद्दिष्ट पोलादाच्या वजनावर मोजले जाते. त्या हिशेबात चार ग्रॅम प्लॅटिनमची दखल कोण घेणार?