‘प्रॉम नाइट’ (१९८०) लेकीबरोबर बघायचाय. कोणती डिस्क घेऊ? बजेट ३० डॉलर

शेवंती
नमस्कार मंडळी. मी टोरांटोत, स्कारबरोला राहते. २००५ मध्ये इथे आले तेव्हा पहिला हिवाळा आम्ही दोघी मैत्रिणींनी एका बेसमेंटमध्ये काढला. घरमालकिणीने तिचा जुना टीव्ही, व्हीसीआर आणि खोकंभर कॅसेटी खाली आणून ठेवल्या होत्या. त्यात ‘प्रॉम नाइट’ होता, जेमी ली कर्टिस या नटीचा भयपट. त्या हिवाळ्यात आम्ही तो सात-आठ वेळा तरी पाहिला असेल. कॅसेट इतकी झिजलेली की डिस्कोच्या प्रसंगात खालच्या फरशीचे लाल-निळे चौकोन तेवढे लुकलुकायचे आणि माणसं अंधारात. तरी तो नाच आम्हाला पाठ होता.

आता लेक बारावीत आहे, जूनमध्ये तिचा प्रॉम, म्हणजे शाळा संपतानाचा नाचाचा सोहळा. पिक्चरमधली शाळा म्हणजे इथलीच डॉन मिल्स कॉलेजिएट, आमच्याकडून बसने जेमतेम अर्धा तास. हे कळल्यापासून तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी एकत्र बघायचा ध्यासच घेतलाय. घरी साधा ब्लू-रे प्लेयर आहे. टॅक्स धरून ३० डॉलरच्या वर जायचं नाही.

कोणती डिस्क घेऊ? सतरा वर्षांच्या मुलींना फार रक्तबंबाळ वाटेल का? आणि एक विनंती, खुनी कोण ते लिहू नका. लेक हा धागा वाचतेय.

फिल्लमबाज
ताई, डिस्कचा विचार नंतर करा, आधी पडदा बघा. असले पिक्चर टीव्हीवर बघायचेच नाहीत. मी गेल्या दिवाळीत ६५ हजारांचा प्रोजेक्टर घेतला, हॉलच्या भिंतीला पांढरा रंग मारून घेतला, शंभर इंची चित्र पडतं. शेजारची पोरं रविवारी आमच्याकडेच पडीक असतात. एकदा खर्च केला की दहा वर्षं बघायला नको.

रातराणी
मी न्यू जर्सीत असते, हा पिक्चर माझ्याकडे दोनदा विकत घेतलेला आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पहिल्यांदा एका सेलमध्ये स्वस्तातली डीव्हीडी घेतली. त्यात दोन्ही कडा कापून चित्र चौकोनी केलेलं आणि रात्रीचे प्रसंग म्हणजे काजळी. शेवटची पंधरा मिनिटं मी नुसती ऐकली. पैसे पाण्यात.

नंतर सिनॅप्स फिल्म्स या कंपनीची ब्लू-रे घेतली, २०१४ ची. मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून २के रिस्टोरेशन केलंय, म्हणजे जुनं चित्र साफ करून घेतलंय. पहिल्यांदा कळलं की खुन्याच्या काळ्या टोपीला डोळ्यांपाशी भोकं कशी आहेत आणि जेमी ली कर्टिसच्या ड्रेसचा रंग काय आहे. सोबत दिग्दर्शक पॉल लिंच आणि लेखक विल्यम ग्रे यांची कॉमेंटरी आहे, टीव्हीवर दाखवताना घातलेले जादाचे प्रसंग आहेत. शेवंती, नाच उजेडात बघायचा असेल तर हीच घे. दुसरं काही घेऊ नकोस.

चकवा
जुना कशाला? २००८ चा रीमेक घ्या. ब्रिटनी स्नो आहे, चकचकीत हॉटेलात प्रॉम आहे, आणि तो अमेरिकेत पीजी-१३ आहे (तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना इशारा, एवढंच), म्हणजे मुलींबरोबर बघायला अवघडल्यासारखं होत नाही. मी कॉलेजात थिएटरात पाहिला होता, आजूबाजूच्या मुली किंचाळत होत्या.

रातराणी
चकवा, नाव सोडलं तर त्या दोन पिक्चरांत काही म्हणजे काही सारखं नाही. २००८ मध्ये मुलीच्या मागे लागलेला शिक्षक आहे आणि तो कोण हे पहिल्यापासून माहीत असतं. मूळ गोष्ट कोण, कोण, कोण यावरच चालते. आणि रीमेकमध्ये डिस्को नाही!

चकवा
डिस्को नाही ही तक्रार कशी काय? २००८ साली कोण डिस्को करत होतं?

कोकणकडा
डीव्हीडीबाबत एक इशारा देतो, मी पोळलोय. २००९ मध्ये बहिणीने शिकागोहून आठ हॉरर पिक्चर आणले, त्यात हाही होता. पुण्यात प्लेयरमध्ये घातला तर पडद्यावर नुसतं ‘रीजन एरर’. डिस्का जगाच्या भागांनुसार, म्हणजे रीजननुसार चालतात; अमेरिका-कॅनडाच्या डीव्हीडी रीजन १ च्या, आपल्याकडचे प्लेयर रीजन ५ चे. आठही डिस्का अजून कपाटात आहेत. ब्लू-रेचंही तेच, तिकडे ए आणि भारतात सी. घेण्याआधी मागच्या बाजूचं चिन्ह बघा, पाया पडतो.

शेवंती
कोकणकडा, मी टोरांटोतच घेणार आणि टोरांटोतच लावणार. रीजन १ आणि ए दोन्ही चालतील मला.

कोकणकडा
हो, पण उद्या भारतात घेऊन आलात तर?

तंबोरा
डिस्क कुठलीही घ्या, पण आवाज चांगला काढा. या पिक्चरची खरी गोष्ट संगीतात आहे. शूटिंगच्या वेळी पोरांना त्या वेळची गाजलेली डिस्को गाणी लावून नाचवलं होतं. मग कळलं की त्यांचे हक्क परवडणारच नाहीत. पण नाच तर चित्रित होऊन बसलेला! मग पॉल झाझा या संगीतकाराला बसवलं, की पावलं बदलता येणार नाहीत, त्याच ठेक्यावर नवी गाणी दे. त्याने पाच दिवसांत दिली. ती मूळ गाण्यांच्या इतकी जवळ गेली की १ कोटी डॉलरचा दावा लागला आणि ५० हजारांवर मिटला. त्या वेळी गाण्यांची एलपी निघाली ती फक्त जपानात.

एकदा डोळे मिटून ऐका. बेस गिटार चालतेय, वर हाय-हॅटच्या झांजा, मधेच तंतुवाद्यांची लाट. पाच दिवसांत! मी ऑर्केस्ट्रात बारा वर्षं वाजवलंय, आम्हाला दुसऱ्याच्या गाण्याची नुसती नोटेशन काढायला आठवडा लागायचा.

फिल्लमबाज
१९८० म्हणजे आपल्याकडे ‘कुर्बानी’चं वर्ष. ‘आप जैसा कोई’. संगीतकार बिद्दू आणि गायिका नाझिया हसन. त्यापुढे हे सगळं किरकोळ.

तंबोरा
किरकोळ कसं? बिद्दूकडे वेळ होता, लंडनचा स्टुडिओ होता. हा माणूस आधीच नाचून झालेल्या पावलांना गाणं शिवत होता. तयार कपड्यावर माणूस बेतायचा म्हणा ना.

फिल्लमबाज
नाझियाचं वय तेव्हा पंधरा होतं. बोला आता.

आजोळ
वाचतेय. मुलींच्या प्रश्नाचं कुणीच उत्तर दिलेलं दिसत नाही, म्हणून लिहिते. माझी धाकटी सतरा वर्षांची असताना आम्ही दोघींनी पाहिलाय. रक्त फार नाही. पहिला जवळजवळ तासभर शाळा, रुसवेफुगवे, कोण कोणाबरोबर जाणार, आणि कुजबुजत्या आवाजातले फोन. खून सगळे प्रॉमच्या रात्री सुरू होतात. एक मुंडकं घरंगळत येतं तो प्रसंग मुलींना सांगून ठेव. लॉकररूम आणि गाडीतलेही एकदोन प्रसंग आहेत, आपण चहा करायला उठतो तसले. अमेरिकेत आर रेटिंग आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांबरोबरच बघायचा.

पण मला विचारशील तर खरं जड जातं ते अगदी सुरुवातीचं. ओसाड पडलेल्या कॉन्व्हेंटमध्ये मुलं लपाछपी खेळतायत, ‘खुनी येतोय, खुनी येतोय’ करत एका दहा वर्षांच्या पोरीला घेरतात आणि ती खिडकीतून खाली पडते. चौघं शपथ घेतात की कुणाला सांगायचं नाही. माझ्या लेकीने तिथे पिक्चर थांबवला आणि तिच्या शाळेतल्या एका मुलीबद्दल मला सांगायला लागली. तासभर बोलत होतो. तू मधे थांबायची तयारी ठेव.

शेवंती
आजोळताई, मनापासून आभार. हेच हवं होतं.

मॉन्ट्रियलचा हिशेबनीस
मी इथे टॅक्सचंच काम करतो, म्हणून राहवत नाही. त्या काळात कॅनडात सिनेमात घातलेल्या पैशावर शंभर टक्के वजावट मिळायची. दंतवैद्य, वकील, सगळे सिनेमात पैसे घालत होते. हा पिक्चर साधारण १५ लाख डॉलरांत झाला आणि अमेरिकेतच १ कोटी ४० लाखांच्या वर कमावून गेला. त्याच लाटेत मॉन्ट्रियलला ‘टेरर ट्रेन’ झाला, त्यातही जेमी ली कर्टिसच. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ (१९८१) तर नोव्हा स्कॉशियाच्या खऱ्या खाणीत उतरून केलाय. शेवंती, तो घे. तिन्हीत तो सरस आहे.

चकवा
बाईंनी ‘प्रॉम नाइट’ विचारलाय.

मॉन्ट्रियलचा हिशेबनीस
तुम्हीही रीमेकच सांगितलात की.

वाडा_चिरेबंदी_नव्हे
लेस्ली नील्सन आहे हे कुणी सांगितलंच नाही! मुख्याध्यापक आणि जेमी ली कर्टिसचा बाप. त्याच उन्हाळ्यात त्याचा विनोदी ‘एअरप्लेन!’ आला आणि पुढे लोक त्याला बघितलं की हसायलाच लागले. इथे मात्र तो मेलेल्या मुलीचा बाप आहे आणि ते दुःख त्याने चेहऱ्यावर धरलंय. वाईट एवढंच की अर्ध्या पिक्चरनंतर तो कुठे जातो कळत नाही. नाचाच्या वेळी बापलेक एकत्र येतात ते दोन क्षण नीट बघा.

बाकी डिस्कबद्दल, सिनॅप्सची ब्लू-रे घ्या. रिस्टोरेशन छान आहे.

रातराणी
तेच वर लिहिलंय.

गुलबकावली
ब्लू-रे घ्या, सिनॅप्सची. आणि त्याबरोबर दुसरा भागही घ्या, १९८७ चा, मेरी लू वाला. शाळेचं नाव तेच, हॅमिल्टन हाय, पण गोष्ट १९५७ मध्ये प्रॉमच्या रात्री मेलेल्या मुलीच्या भुताची. शूटिंग एडमंटनचं. पहिला मला आवडतो, पण दुसरा मी दरवर्षी बघते. दोन्ही मिळून ६० च्या आसपास जातील.

शेवंती
बजेट ३० आहे हो.

पारावरचा
लायब्ररीत विचारलंत का? टोरांटो पब्लिक लायब्ररीत पिक्चरच्या डिस्का घरी न्यायला मिळतात, फुकट. नसली तर होल्ड टाकून, म्हणजे नाव नोंदवून ठेवा. माझ्या भावाने तिथे राहून सात वर्षांत एक पिक्चर विकत घेतला नाही.

निशाचर
खुनी मला पहिल्या अर्ध्या तासात कळला होता. डोळ्यांवरून. टोपीतून डोळे दिसतात ना, ते बघून लगेच कळतं की तो [मजकूर संपादित, संपादक मंडळ]

आजोळ
अहो, पहिल्याच पोस्टमध्ये हात जोडून सांगितलंय तिने!

निशाचर
मी नाव नव्हतं लिहिलं, नातं लिहिलं होतं.

रातराणी
नातं लिहिलं की राहिलं काय?

शेवंती
संपादकांचे आभार. लेकीने वाचायच्या आत उडालं. ती शाळेत होती.

सगळ्यांचं वाचलं. ब्लू-रेची किंमत बघितली, टपालखर्च आणि टॅक्स धरून ३० च्या पुढे जाते. लायब्ररीचं पटलं, पण आम्हाला ही शनिवारची रात्रच जमतेय, पुढे मुलींच्या परीक्षा आहेत. काय घेतलं ते सोमवारी सांगते.

फिल्लमबाज
प्रोजेक्टर हप्त्याने पण मिळतो.

शेवंती
सोमवार आला. आधी काय घेतलं ते सांगते, रातराणी रागावेल. जुन्या डिस्कांच्या दुकानात ४ डॉलरला डीव्हीडी मिळाली, तीच घेतली. कडा कापलेली, काळवंडलेली, बहुतेक तुझीवालीच. उरलेल्या पैशांत २२ डॉलरचा फिरता डिस्को दिवा घेतला, छताला लावायचा. २६ अधिक १३ टक्के टॅक्स, २९ डॉलर ३८ सेंट.

मी दुकानात दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभी होते. ब्लू-रेसाठी अजून दहा-बारा डॉलर घातले असते तर काही बिघडलं नसतं. पण माझ्या डोळ्यांपुढे तो बेसमेंट होता. आम्ही दोघी तिथे नाच बघत नव्हतो, नाचत होतो. गादी भिंतीला उभी करायची, मोजे घालून फरशीवर घसरायचं, आणि वरून घरमालकिणीची काठी वाजली की थांबायचं. ते लेकीला कसं दाखवणार? पडद्यावर कितीही स्वच्छ दिसलं तरी ते त्यात नाही.

शनिवारी सुरुवातीच्या प्रसंगाला तिघी गप्प झाल्या. आजोळताई, तुम्ही सांगितलं होतं तसं मी थांबवलं. एकीने विचारलं, त्या चौघांनी तेव्हाच सांगितलं असतं तर? त्यावर बरंच बोलणं झालं, सगळं इथे लिहीत नाही. मग जेवलो. मग डिस्को आला. चित्र खरंच काळं होतं, जेमी ली कर्टिसचे नुसते खांदे आणि केस दिसत होते. लेकीने उठून आपला दिवा लावला, सोफा मागे ढकलला, आणि तो प्रसंग तिघींनी पाच वेळा मागे नेऊन लावला. पावलं दिसत नव्हती म्हणून मला उभं केलं. मला येत होती. वीस वर्षांनी डाव्या पायाने सुरू करायचं हे पायालाच आठवलं. तंबोरा, गाणं पाच दिवसांत केलंय हे मी मुलींना सांगितलं, त्यांना खरं वाटेना.

खुनी कोण ते शेवटपर्यंत एकीलाही ओळखता आलं नाही. लेक रडली शेवटी. शेवट रडण्यासारखाच आहे.

मैत्रिणीला व्हँकुव्हरला व्हिडिओ पाठवला. तिने उलट तिचा पाठवला, स्वयंपाकघरात, मोजे घालून.

रातराणी
डीव्हीडीचं माझं मत बदललेलं नाही. पण व्हिडिओ मलाही पाठव.

कोकणकडा
ती डिस्क भारतात आणू नका.

गुलबकावली
दिवा कुठून घेतला? छताला चिकटवायचा आहे की खिळा मारावा लागतो? आमच्याकडे भाड्याचं घर आहे.

शेवंती
खिळा नाही. मागे चुंबक आहे, मी पंख्याच्या मधल्या पत्र्याला लावला. पंखा बंद ठेवायचा.