माउंट रशमोरच्या शिल्पकाराचं कौतुक किती करायचं?

शंकेखोर :
अमेरिकावारी करून आलेल्यांनी माउंट रशमोरचे, म्हणजे साउथ डकोटातल्या कड्यावर कोरलेल्या चार राष्ट्राध्यक्षांच्या चेहऱ्यांचे फोटो टाकले की खाली त्याचा शिल्पकार गटझन बोर्ग्लम याच्या आरत्या सुरू होतात. त्या जरा आवरा, एवढंच माझं म्हणणं. रशमोरच्या आधी हाच गृहस्थ जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर, यादवी युद्धात गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या सेनापतींची शिल्पं कोरत होता. याच डोंगराच्या माथ्यावर 1915 मध्ये कू क्लक्स क्लान ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना नव्याने उभी राहिली. बोर्ग्लमची क्लानच्या पुढाऱ्यांत ऊठबस, त्यांच्या राजकारणात लुडबुडही. 1924 मध्ये जनरल लीचं डोकं कोरून झालं, पुढच्याच वर्षी स्मारकाच्या समितीशी फाटलं. पठ्ठ्याने आपले नमुने फोडले आणि अटक चुकवून राज्याबाहेर पळाला. आणि 1927 मध्ये रशमोरचं काम सुरू, त्यात लिंकन! कोणत्या तोंडाने?

पाथरवट :
लिंकनचा नाद त्याला आधीपासूनच होता हो. नेवार्कला 1911 मध्ये बसवलेला त्याचा ब्राँझचा लिंकन बाकावर एका कडेला बसलाय, शेजारची जागा मोकळी. पोरं सरळ जाऊन बसतात, मांडीवर चढतात. स्वतःच्या मुलाचं नावही त्याने लिंकनच ठेवलं. माणूस वाकडा होता, कबूल. पण कामाबद्दल एक अक्षर नाही तुमच्या पोस्टमध्ये. नमुन्यातला 1 इंच म्हणजे डोंगरावर 1 फूट. डोक्याच्या माथ्यावर कोन मोजायची तबकडी, तिला आडवा दांडा, दांड्यावरून सोडलेला ओळंबा. त्यावरून नाक किती खोल, गाल कुठे वळतो हे खडकावर रंगाने लिहायचं. बराचसा दगड सुरुंगानेच उडवला. शेवटचे काही इंच मात्र एकमेकांलगत भोकं पाडून, चाळण करून हाताने उचकटायचे. जेफरसन आधी वॉशिंग्टनच्या दुसऱ्या बाजूला होता. खडक तडकलेला निघाला, तेव्हा झालेलं काम उडवून पुन्हा पहिल्यापासून केलं. जवळपास 400 माणसं, 14 वर्षं, आणि काम चालू असताना एकही मृत्यू नाही.

शंकेखोर :
कामावर मेलं कुणी नाही, पण दगडाची धूळ पुढे कित्येकांच्या छातीत बसली. ते पण सांगा.

कडेलोट :
दोघेही देल बियांकोला विसरलात! लुइजी देल बियांको, इटलीहून आलेला, मुख्य कोरक्या. लिंकनच्या डोळ्यांत जीव त्याच्या हाताने आला, जेफरसनच्या ओठाची चीर त्याने बुजवली. परदेशातून येणाऱ्यांविरुद्ध गरळ ओकणाऱ्या बोर्ग्लमचं (आईबाप डेन्मार्कहून आलेले, बरं का) या माणसावाचून पान हलत नव्हतं. त्याच्या नावाची पाटी तिथे लागायला 2017 उजाडलं. वर आणखी गंमत म्हणजे साको आणि वांझेट्टी या मृत्युदंड झालेल्या इटालियन मजुरांचं स्मृतिशिल्पही बोर्ग्लमनेच केलं. मॅसॅच्युसेट्समध्ये ते वर्षानुवर्षं नाकारलं गेलं. या माणसाला एका खान्यात टाकून दाखवा मला.

निमा_मिनेसोटा :
तुमचं सगळं बोर्ग्लमभोवतीच फिरतंय. तो डोंगर लाकोटांचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमातीचा. 1868 च्या फोर्ट लारामी करारात ब्लॅक हिल्स, म्हणजे रशमोर ज्यात येतो ते डोंगर, सरकारने त्यांच्याकडेच ठेवले होते. सोनं सापडलं आणि 1877 मध्ये सरकारने ते काढून घेतले. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 10 कोटी डॉलरहून जास्त भरपाई मंजूर केली. ते पैसे व्याजासकट तसेच पडून आहेत. लाकोटा म्हणतात, पैसे नकोत, जमीन द्या. इथे राहणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगितलं की ‘हो का?’ म्हणतात आणि पार्किंगची चौकशी करतात.

पाथरवट :
निमाताई, मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तो बोर्ग्लमच्या खात्यावर कशाला? जमीन बळकावली तेव्हा तो जेमतेम 10 वर्षांचा पोर होता.

निमा_मिनेसोटा :
जमीन त्याने घेतली असं कुठे म्हटलंय मी? कोरायचं काय, हे तर त्याने ठरवलं ना! साउथ डकोटाचे इतिहासकार डोएन रॉबिन्सन यांची मूळ कल्पना वेगळी होती. तिथल्याच नीडल्स सुळक्यांवर पश्चिमेकडची माणसं कोरायची, त्यात लाकोटांचा पुढारी रेड क्लाउडही होता. बोर्ग्लम आला, सुळके नापसंत केले, रशमोरचा कडा निवडला आणि रेड क्लाउडला वगळून राष्ट्राध्यक्ष घेतले.