‘विनोदवीर’ की ‘विनोदी अभिनेता’? आणि भूमिका ‘वठते’ म्हणजे नक्की काय होतं?

अर्धविराम:
एक लेख हातात आहे. विषय असा, की स्टँडअप कॉमेडियन सिनेमात नट म्हणून टिकतात का. मी सगळीकडे ‘विनोदवीर’ लिहिलं होतं. संपादकांनी ते सरसकट ‘विनोदी अभिनेते’ केलं, त्यामुळे माझं पहिलंच वाक्य झालं ‘विनोदी अभिनेते अभिनय करू शकतात का?’ यावर आता हसावं की रडावं! तर दोन शंका. स्टँडअप करणाऱ्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं? आणि ‘भूमिका वठली’ या माझ्या वाक्याशेजारी समासात ‘वठणे म्हणजे सुकणे ना?’ असा शेरा आलाय, त्याला काय उत्तर देऊ?

वेलांटी:
‘विनोदी अभिनेता’ साफ चूक. तो दुसऱ्याने लिहिलेल्या माणसाचं सोंग घेतो, स्टँडअपवाला स्वतःच्या नावाने बोलतो. ‘विनोदवीर’ मला वर्तमानपत्री वाटतो. शतकवीर ठीक आहे, पण वाचाळवीरामुळे त्या ‘वीर’ला कायमची थट्टेची झाक आलीय. ‘नकलाकार’ जुना आणि छान शब्द, पण नक्कल हा स्टँडअपचा एक तुकडा झाला, आणि कित्येक जण तो करतही नाहीत. ‘एकपात्री’ जवळ जातो, फक्त त्यात माणूस एक असला तरी पात्रं दहा असतात. स्टँडअपमध्ये पात्र एकच, ‘मी’.

काना:
‘उभाविनोदी’ कसा वाटतो?

वेलांटी:
उभ्या उभ्या येऊन चहा न घेता गेलेल्या पाहुण्यासारखा.

खुसपट:
नामांत अडकलात की हे होणारच. क्रियापदं बघा. विनोद सांगतात, विनोद करतात, विनोद होतो. स्टँडअपवाला सांगतो. नट करतो. आणि सिनेमातल्या चांगल्या प्रसंगात विनोद होतो, म्हणजे त्या पात्राला आपण हसवतोय याचा पत्ताच नसतो. जो माणूस पंधरा वर्षं सांगत आलाय, त्याला ‘न सांगता होऊ दे’ म्हणणं किती कठीण असेल बघा. पडद्यावर फसलेले बरेचसे इथेच फसतात. वाक्य त्या पात्राचं असतं, पण डोळे हशा शोधत असतात.

वेलांटी:
हशाचंच बोलायचं तर मंचावरचा व्यवहार रोखीचा. वाक्य टाकलं, हशा आला, तो ओसरेपर्यंत थांबलं, पुढचं टाकलं. पडला विनोद तर तिथेच कळतं. चित्रीकरणात आवाज मुद्रित होत असतो, त्यामुळे सेटवर कुणी हसायचंच नाही. हशा मिळतो तो काही महिन्यांनी, अंधारात, आणि तो ऐकायला नट तिथे नसतोही. शिवाय दोन वाक्यांमधला तो थांबा किती ठेवायचा हे संकलक ठरवतो. आपण ज्याला टायमिंग म्हणतो (याला मराठी शब्द मला आजवर रुचलेला नाही), ते अर्धंअधिक दुसऱ्याच्या हाती जातं.

काना:
मग स्टँडअपमधूनच आलेल्या रॉबिन विल्यम्सचं काय? ‘गुड विल हंटिंग’मध्ये (१९९७) तो मानसोपचारतज्ज्ञ आहे, बाकावर बसून उपचाराला आलेल्या पोराशी बोलतो. हसवण्याची घाई नाही, आवाज चढवणं नाही. त्या भूमिकेला ऑस्कर मिळालं.

खुसपट:
उदाहरण फसवं आहे. विल्यम्स मंचावर गाजण्याआधी जुलियार्ड या न्यूयॉर्कच्या कलाशाळेत रीतसर अभिनय शिकला होता. हूपी गोल्डबर्गचंही तसंच. १९८४ला तिने ब्रॉडवेच्या रंगभूमीवर जे केलं, ते आपल्या अर्थाने ‘एकपात्री’च. त्यात एक लहान मुलगी आहे, डोक्यावर कपडा टाकून त्यालाच आपले लांब सोनेरी केस म्हणणारी. ते ‘मी’ नव्हे, ते पात्र झालं. पुढच्याच वर्षी ती ‘द कलर पर्पल’मध्ये नायिका झाली, यात मला नवल वाटत नाही. म्हणजे वर वेलांटींनी केलेला फरक नुसता शब्दांचा नाही. उलट स्टँडअपवाला जेरी साइनफेल्ड १९८९ ते १९९८ ‘साइनफेल्ड’ या मालिकेत होता आणि भूमिका कुणाची? जेरी साइनफेल्डची. तो ‘मी’ सोडायला गेलाच नाही. शहाणपणाच केला म्हणायचा.

काना:
आणि जेमी फॉक्स? तो स्टँडअपमधूनच आलाय. २००४च्या ‘रे’मध्ये अंध गायक रे चार्ल्स साकारला, ऑस्कर घेतलं.

खुसपट:
हे मान्य. आणि बघा, त्या कामासाठी त्याचे डोळे कृत्रिम पापण्यांनी बंद केले होते. ज्याचा सगळा धंदा समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून चालतो, त्याला बघायलाच बंदी! नकलेने सुरुवात झाली असेल, पण तेवढ्यावर दोन-अडीच तास निघत नाहीत. नक्कल मूळ माणसाची आठवण करून देते, भूमिका त्याला विसरायला लावते.

अर्धविराम:
‘वठणे’चं कुणीच बोललं नाही.

वेलांटी:
बोलते. झाड वठतं म्हणजे वाळून जातं, संपादकांचं तेवढं बरोबर. पण धनादेशही वठतो, आणि तेव्हा काहीच वाळत नाही, उलट पैसे हातात पडतात. भूमिका वठते ती याच अर्थाने. कागदावर लिहिलेली रक्कम प्रत्यक्षात उतरली. नटाच्या खात्यात तेवढी शिल्लक हवी, एवढंच. ‘वठणीवर आणणे’ आणखी वेगळं, तिथे बहुधा माणसाला छडी लागते. एक सांगते, ‘वठली’च्या जागी ‘साकारली’ घालू नका. भूमिका साकारतो कुणीही. वठते एखाद्याचीच.

काना:
म्हणजे वरती मी जेमी फॉक्सने ‘साकारला’ लिहिलं ते…

वेलांटी:
असू दे. त्याची वठलीही.

अर्धविराम:
शीर्षकात ‘स्टँडअप करणारे’ ठेवतोय, आत ‘स्टँडअप कलाकार’. वीर आणि उभे दोघेही रजेवर. पहिलं वाक्य असं केलंय: ‘मंचावर स्वतःच्या नावाने हसवणारा माणूस पडद्यावर दुसऱ्याच्या नावाने वठेल का?’

खुसपट:
माणूस वठत नाही, भूमिका वठते. माणूस वठला तर संपादकांचाच अर्थ लागू होईल.