शब्दचर्चा: जुना गेम नव्या यंत्रावर आला, तर त्याला काय म्हणावं?

सुरंगी (वेंगुर्ले)

आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी यंदा मुलांनी व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायला घेतली आहेत. आठवीतल्या एका मुलीने 'कॅप्टन टोड: ट्रेझर ट्रॅकर' या गेमवर लिहिलं आहे. गणपतीला आलेल्या मामाच्या स्विचवर (निन्टेंडो कंपनीचं, टीव्हीला जोडून किंवा हातात धरून खेळायचं यंत्र) ती तो खेळली. लिहिलंय मन लावून, पण पहिलं वाक्य असं: 'हा रीरिलीज झालेला क्यूट पझल गेम आहे.' पझलला कोडं आहेच, त्यावर खल नको. अडलंय ते रीरिलीज आणि क्यूट या दोन शब्दांवर.

ज्यांना हा गेम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. निन्टेंडोने तो आधी २०१४ च्या अखेरीस वी यू या यंत्रावर आणला. ते यंत्र जगभरात दीड कोटीसुद्धा खपलं नाही, त्यामुळे त्यावरचे चांगले गेमही बऱ्याच जणांच्या हाती पडले नाहीत. जुलै २०१८ मध्ये हाच गेम स्विचवर आणि थ्रीडीएस या निन्टेंडोच्याच हातात धरायच्या यंत्रावर आला. त्या वेळची परीक्षणं मी शोधून वाचली. गेम जवळजवळ सगळ्यांना आवडला होता. कुरकुर होती ती नव्याने आणण्याच्या पद्धतीबद्दल: किंमत मूळचीच चाळीस डॉलर, नवे टप्पे अगदी थोडे, आणि टीव्हीला जोडून खेळताना पडद्यावर सतत एक दर्शक, म्हणजे जागा दाखवणारी खूण (पॉइंटर), तरंगत राहतो. म्हणजे कौतुक एका गोष्टीचं आणि तक्रार दुसऱ्याच गोष्टीची. आपल्या शब्दांनी हा फरक दाखवायला हवा. 'पुनर्प्रकाशित' लिहून मी मोकळी होऊ शकते, पण त्यातून काहीच कळत नाही. सुचवा.

दर्यावर (रत्नागिरी)

सुरंगीताई, यासाठी छापखान्याची भाषा आपल्याकडे तयार आहे. मजकुराला हात न लावता पुन्हा छापलं की पुनर्मुद्रण. चुका काढल्या, प्रकरण वाढवलं की सुधारित किंवा वाढीव आवृत्ती. पुस्तक पहिल्यापासून नव्याने लिहून काढलं तर पुनर्लेखन. गेमला हे जसंच्या तसं लागू होतं. पहिल्या प्रकाराला पुनर्मुद्रण म्हणा, दुसऱ्याला सुधारित आवृत्ती, तिसऱ्याला पुनर्निर्मिती. मराठी वाचकाला यातला एकही शब्द समजावून सांगावा लागणार नाही. आणि प्रकाशकाने नुसत्या पुनर्मुद्रणावर 'सुधारित आवृत्ती' छापलं तर वाचक चिडतो. परीक्षकांची किमतीबद्दलची तक्रारही त्याच जातीची आहे.

काजूगर (सावंतवाडी)

मी 'क्यूट'बद्दल बोलतो. याला सरसकट गोंडस म्हणतात, ते मला पटत नाही. गोंडस म्हटलं की गुबगुबीत गाल, मोठे डोळे, लाडिक बोलणं डोळ्यांसमोर येतं. गेमचा नायक टोड दिसायला तसा आहे, मान्य. पण या गेमची खरी गंमत त्याच्या तोंडावळ्यात नाही, टप्प्यांच्या घडणीत आहे.

एक टप्पा जवळून बघा. एवढासा ठोकळा, चारी बाजूंनी फिरवता येणारा. समोरून बघाल तर नुसती भिंत. तोच पाव फेरी फिरवा, भिंतीमागे जिना दिसतो. आणखी थोडा फिरवला की जिन्याखालच्या कोनाड्यात हिरा चमकतो. प्रत्येक टप्प्यात असे तीन हिरे आणि शेवटी तारा. टोडला उडी मारता येत नाही, पाठीवर जड बोचकं आहे. त्यामुळे त्याला चालायचं, चढायचं आणि पडायचं तेवढं जमतं. उडीच काढून घेतल्यावर वाट शोधायला डोके चालवण्याशिवाय गत्यंतर नाही. सगळा खेळ या एका बंधनातून उभा राहिला आहे. एक जोडचेरी आहे, ती खाल्ली की टोडचे दोन टोड होतात आणि दोघेही एकाच कळीवर एकाच वेळी चालतात. एकाला बटणावर उभं करायचं आणि दुसऱ्याला ताऱ्यापर्यंत न्यायचं, तेही दोघांना वेगळं हलवता येत नसताना!

याला माझा शब्द आहे सुबक. आमच्या चितारआळीत लाकडी खेळणी बनतात, गंजिफा रंगवतात. तिथे चांगल्या कामाला कोणी गोंडस म्हणत नाही, सुबक म्हणतात. सुबक म्हटलं की करणाऱ्याचा हात दिसतो. परीक्षणात तोच दिसायला हवा. 'गोंडस आहे, पण छोटा आहे' असं बऱ्याच परीक्षणांचं सूत्र असतं. गोंडस म्हटल्यावर तो 'पण' ठरलेलाच, कारण त्या शब्दाने आपण गेमला आधीच लहान मुलांच्या रांगेत बसवलेलं असतं. सुबक वस्तूला कोणी छोटी आहे म्हणून नावं ठेवत नाही.

ओहोटी (मालवण)

काजूगर, सुबक मला शंभर टक्के मान्य. दर्यावरदादांचे छापखान्याचे शब्दही चांगले आहेत, पण एका जागी ते कमी पडतात. पुस्तकाला यंत्र लागत नाही. गेम जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर आणायचा म्हणजे आतला खेळ तोच ठेवून त्याच्याभोवतीचं बरंच काही बदलावं लागतं. वी यूच्या हातातल्या पॅडला स्वतःचा पडदा होता. त्यावर बोट लावून ठोकळे सरकवायचे, माइकमध्ये फुंकर मारून फळ्या वर उचलायच्या. स्विच टीव्हीला जोडला की बोट लावायला पडदाच हाताशी नसतो. म्हणून तिथे तो तरंगता दर्शक आला, ज्याच्या नावाने परीक्षक बोटं मोडतात. हे काम पुनर्मुद्रणात मोडत नाही. आणि मजकूर तर सुधारलेला नाही, म्हणून सुधारित आवृत्तीही नव्हे.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: शाकारणी. 'मिरगाच्या आदी घर शाकारूक व्हया,' हे कोकणात कोणाला सांगावं लागत नाही. भिंती त्याच, ओटा तोच, माजघर तेच. वरचं छप्पर तेवढं उतरवायचं, कुजलेले वासे-रिपा बदलायच्या आणि येणाऱ्या पावसाला टिकेल असं पुन्हा घालायचं. पूर्वी गवत, पेंढा, माडाची झापं असत, नंतर कौलं आली, पण शब्द टिकला. शाकारलेल्या घराला कोणी नवं घर म्हणत नाही आणि जुनं म्हणून हिणवतही नाही. गेम शाकारला म्हटलं की आत काय तेच राहिलं आणि वर काय बदललं, हे एका शब्दात कळतं. परीक्षकाचं काम सोपं होतं: घर कसं आहे ते वेगळं सांगा, शाकारणी कशी झाली ते वेगळं सांगा.

त्या कसोटीवर बघितलं तर माझं मत असं. घर उत्तम. हातात धरून खेळताना शाकारणीही उत्तम, कारण एकेक टप्पा पाच-सात मिनिटांचा आणि छोट्या पडद्यावर ते ठोकळे फार शोभतात. टीव्हीवर मात्र गळतं.

दर्यावर (रत्नागिरी)

शब्द आवडला. पण एक हरकत आहे. मूळ गेममध्ये 'सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्ड' या निन्टेंडोच्याच दुसऱ्या गेमवरून घेतलेले काही जादा टप्पे होते. २०१८ मध्ये ते काढले आणि त्यांच्या जागी 'सुपर मारिओ ओडिसी' या आणखी एका गेमच्या जगातले चार टप्पे घातले. आतलं असं काही काढून दुसरं बसवलं तर त्याला शाकारणी म्हणाल? आमच्याकडे तरी नाही म्हणत. आणि २०१९ मध्ये पैसे मोजून घ्यायची अठरा नवी आव्हानं आली, काही नव्या टप्प्यांत, काही जुन्याच टप्प्यांत; ती तर सरळ वाढीव खोली झाली.

ओहोटी (मालवण)

हरकत रास्त आहे. अठरा आव्हानांना वाढीव भागच म्हणू, ते वेगळं विकत घ्यायचं प्रकरण आहे. काढले-घातलेल्या टप्प्यांबद्दल मात्र मी म्हणेन की शब्द शाकारणीच ठेवावा आणि पुढच्या वाक्यात स्पष्ट सांगावं की अमुक काढलं, अमुक घातलं. नावातच सगळं कोंबायला गेलो तर शब्द सरकारी परिपत्रकातला होईल. त्या अदलाबदलीवर परीक्षक नाराज झाले ते बरोबरच होतं. पैसे नव्याने मागताना जुनं काढून घेणं मलाही पटत नाही.

सुरंगी (वेंगुर्ले)

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! सुबक घेतला. शाकारणी मुलांसमोर ठेवली तेव्हा सगळ्यांचे चेहरे उजळले. घरी शब्द रोजचा आहे, पण तो लिहायचाही असतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मुलांशी बोलताना आणखी एक शब्द निघाला. त्या मुलीने खाली लिहिलं होतं, 'या गेमवर जगभर टीका झाली.' तिला म्हणायचं होतं की बऱ्याच जणांनी त्यावर लिहिलं. वाचणाऱ्याला मात्र वाटेल की गेम पडला. ज्ञानदेवांनी गीतेवर टीका लिहिली म्हणतो तेव्हा अर्थ उलगडून सांगणं हाच अर्थ असतो. आज टीका म्हणजे दोष काढणं. जुना अर्थ मला फार जवळचा आहे, पण भित्तिपत्रकात तो परत आणायचा हट्ट मी धरणार नाही, कारण वाचणाऱ्याची फसगत होते. परीक्षण हा शब्द ठेवू. त्यात गुण-दोष दोन्ही येतात. टीका फक्त त्या दर्शकापुरती आणि किमतीपुरती.

आता एकच अडचण: 'शाकारणी झालेला गेम' लांबलचक वाटतं. विशेषण हवं.

काजूगर (सावंतवाडी)

विशेषण करायला आपल्याकडे 'ईव' आहे ना. कोरणे, कोरीव. घडणे, घडीव. रेखणे, रेखीव. घोटणे, घोटीव. तसंच शाकारणे, शाकारीव. 'शाकारीव आवृत्ती' म्हणून बघा, तोंडात बसतं. कोशात सापडणार नाही, पण घडण मराठीच्या नियमातली आहे आणि कोकणातल्या वाचकाला पहिल्या वाचनात कळेल. घाटावरच्या वाचकासाठी पहिल्यांदा वापराल तेव्हा 'छप्पर नवं, घर तेच' एवढं पुढे जोडा.

सुरंगी (वेंगुर्ले)

मुलीने वाक्य बदललं. आता असं आहे: 'कोड्यांचा हा सुबक गेम मूळ २०१४ चा, मी खेळले ती त्याची २०१८ ची शाकारीव आवृत्ती, म्हणजे छप्पर नवं, घर तेच.' पुढचा परिच्छेद तिने दर्शकाच्या तक्रारीने सुरू केला आहे आणि काढून टाकलेल्या टप्प्यांचाही उल्लेख केला आहे. थ्रीडीएसच्या आवृत्तीबद्दल लिहायचं तिने टाळलं, कारण ती तिने खेळलेली नाही. सोमवारी लावतोय.