बेटच्या प्रदर्शन दालनाबद्दल

एका चर्चेत कुणीतरी म्हटलंय की लंडनच्या 'बेट'ला (Bett, म्हणजे शिक्षणातल्या तंत्रज्ञानाचं मोठं प्रदर्शन) जाऊन फक्त व्याख्यानं ऐकावीत, प्रदर्शन दालन म्हणजे नुसता विक्रेत्यांचा बाजार. बाजार आहेच की! पण शाळेचे पैसे शेवटी जिथे जाणार, ती वस्तू हाताळून बघायची जागाही तीच.

मधले झगमगाटी स्टॉल मी पटकन उरकतो. तिथले टचस्क्रीन फळे सगळे जुळे भाऊ वाटतात. कडेच्या छोट्या टेबलांवर रेंगाळा. तिथे बऱ्याचदा वस्तू बनवणाराच उभा असतो, आणि प्रश्न विचारला की माहितीपत्रक पुढे न करता मागचं झाकण उघडून दाखवतो.

ठरलेला डेमो बघू नका, पेन स्वतःच्या हातात घ्या. हस्ताक्षर ओळखणारा फळा असेल तर मी मुद्दाम 'ज्ञानेश्वर' लिहितो. इंग्रजी झरझर ओळखणारी यंत्रं इथे गडबडतात, मग 'पुढच्या अपडेटमध्ये येईल' हे ठरलेलं उत्तर. वाय-फाय बंद करून काय काय चालतं तेही बघा. मुलांची माहिती कुठे साठते, आणि उद्या शाळेने करार मोडला तर ती परत मिळते का, याचं उत्तर मात्र लेखीच मागा. तोंडी सगळेच 'हो' म्हणतात.

आणि गळ्यातला बिल्ला दिसेल त्याला स्कॅन करू देऊ नका. एका फुकट पेनापायी महिनोन्महिने मेल येत राहतात. बाकी हे प्रदर्शन जिथे भरतं ती एक्सेल (ExCeL) नावाची इमारत अफाट लांबलचक आहे, नवे बूट घालून जाऊ नका.