मदत हवी आहे : काळ्या मातीचे आकुंचन घरच्या घरी कसे मोजावे?

नमस्कार. परभणी जिल्ह्यातील आमच्या भारी काळ्या जमिनीत दर उन्हाळ्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अशाच एका भेगेलगत बांधलेल्या हौदाच्या भिंतीला गेल्या वर्षी चीर गेली. नवा हौद कुठे बांधावा हे ठरवण्याआधी दोन जागांची माती वाळताना किती आकसते, याची तुलना करावी असा विचार आहे.

२५ मि.मी. व्यासाची पीव्हीसी नळी उभी चिरून १४० मि.मी. लांबीचा साचा केला, चाळलेल्या मातीचा लगदा त्यात भरला आणि तो गच्चीवर उन्हात ठेवला. पहिली कांडी होडीसारखी वाकली. टोकापासून टोकापर्यंत पट्टीने मोजता ११२ मि.मी. भरली, म्हणजे आकुंचन २० टक्के. दुसरीचे तीन तुकडे झाले. वाकलेली कांडी कशी मोजावी, तुकडे झालेली टाकून द्यावी का, आणि या आकड्यावरून शेतातील भेगेचा अंदाज बांधता येतो का?

प्रतिसाद १ :
साचा योग्य आहे. माती परीक्षणाच्या आयएस २७२० या भारतीय मानकाच्या २०व्या भागातील रेषीय (म्हणजे लांबीतील) आकुंचनाच्या चाचणीत साधारण हेच माप असते. चूक उन्हाची आहे. वरचा थर आधी वाळून आकसतो, खालचा ओलाच राहतो, म्हणून कांडी वाकते किंवा तुटते. साच्याला आतून व्हॅसलीन लावा, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेल्या मातीचा लगदा भरताना साचा आपटून हवेचे बुडबुडे काढा आणि माती कडांपासून सुटेपर्यंत सावलीतच ठेवा. नंतर ६० ते ६५ अंश आणि शेवटी १०५ ते ११० अंशांवर वाळवायची असते. मात्र पीव्हीसी एवढी उष्णता सोसत नाही, तेव्हा भट्टीत नुसती कांडी ठेवा. वाकलेल्या कांडीची वरची व खालची कड दोऱ्याने मोजून सरासरी घ्यावी. तुकडे नीट जुळत असतील तर तेही जोडून मोजता येतात.

प्रतिसाद २ :
एक सावधगिरी. लगदा करताना मातीची मूळ घडण मोडते, त्यामुळे कांडीचा आकडा दोन जागांची तुलना करण्यापुरताच धरावा. त्यावरून भेगेची रुंदी काढू नये. शेतात एक चौरस मीटरची लाकडी चौकट ठेवून आतील भेगांत कोरडी, चाळलेली वाळू मापाने ओतावी, म्हणजे भेगांचे आकारमान लिटरमध्ये मिळते. तार घालून खोली मोजण्यावर माझा फारसा विश्वास नाही, कारण भेग खाली वळली की तार तिथेच अडते. शिवाय माती आडवी आकसते तशी उभीही आकसते आणि जमीन खाली बसते, पण हे बसणे भेगेत दिसत नाही. हौदाला तर त्याचाच धोका अधिक. त्यासाठी खालच्या मुरमापर्यंत एक गज ठोकावा, त्याभोवती सैल नळी घालावी म्हणजे माती गजाला ओढणार नाही, आणि गजाच्या तुलनेत पृष्ठभाग किती उतरतो याची दर आठवड्याला नोंद ठेवावी.

धागाकर्ता :
दोघांचेही आभार. तीच कांडी दोऱ्याने पुन्हा मोजली : वरची कड ११५, खालची ११९, सरासरी ११७ मि.मी., म्हणजे आकुंचन सुमारे १६.४ टक्के. अर्थात ती केवळ उन्हात वाळलेली आहे, म्हणून दोन्ही जागांच्या नव्या कांड्या सावलीत ठेवल्या आहेत. मुरूम किती खोल आहे हे जुन्या विहिरीच्या कडेला दिसते. गज त्या मापाचा आणतो.